कोटेशनवर नुसतं ‘आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’ लिहिलंय? आधी या चुका टाळा

बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, स्वस्तातल्या गेमिंग पीसीचं कोटेशन पुष्कळदा असंच हातात पडतं: आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॉट एसएमपीएस (पॉवर सप्लाय). मॉडेल नंबर एकाही ओळीत नाही. प्रत्येक ओळीपुढे पूर्ण मॉडेल लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

‘आय७’ कुठल्या पिढीचा? आय७-३७७० हा २०१२ चा, म्हणजे तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. त्याच्यासारखेच ४ कोअर आणि ८ थ्रेड असलेला आय३-१२१००एफ गेममध्ये त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही दोन्ही सुरक्षा फीचर्स चालू हवीत, नाहीतर ‘व्हॅन ९००१’ किंवा ‘व्हॅन ९००३’ एरर येते. नव्या मदरबोर्डवर ही एरर आली तर घाबरू नका. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) इंटेलचं ‘पीटीटी’ किंवा एएमडीचं ‘एफटीपीएम’ चालू करा (ही टीपीएमचीच नावं), सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करा, सिक्युअर बूट चालू करा. फक्त विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीच्या) डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते बूटच होणार नाही. आधी डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीची) करून घ्या.

‘४ जीबी’ म्हणजे ताकद नव्हे. जीटी ७३० वर ४ जीबी मेमरी लावली म्हणून ते गेमिंग कार्ड होत नाही. त्यापेक्षा एएमडीच्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स बरं. जीटी १०३० घेतच असाल तर खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलंय ना ते बघा. डीडीआर४ वालं त्याच नावाचं असूनही खूप हळू आहे. जुनं कार्ड घेताना दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. कार्डाचा बायोस बदलून नाव फिरवलेलं असेल तर हे सॉफ्टवेअर सहसा नावाआधीच ‘फेक’ दाखवतं. बजेट ताणता येत असेल तर ८ जीबीचं आरएक्स ६६०० घ्या, आमचं मत तरी तेच. ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी बोर्डाशी फक्त ४ डेटा लेनवर जोडलं जातं, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या (कार्डाच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी असलेल्या) बोर्डावर ते आणखी मार खातं.

प्रोसेसर आणि बोर्डाची जोडी. ‘आज ५६००जी, पुढच्या दिवाळीला कार्ड’ हा हिशेब चालतो, पण ५६००जी पीसीआयई ३.० वरच थांबतो आणि त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० च्या निम्मा. कार्ड लगेच घेणार असाल तर साधा ५६००. मात्र साध्या ५६०० मध्ये आणि इंटेलच्या ‘एफ’ वाल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार. दुकानात पडून असलेला जुना बी४५० बोर्ड घेत असाल तर बायोस रायझन ५००० मालिकेला चालणारा आहे का हे बोर्ड कंपनीच्या सपोर्ट यादीत पाहा आणि दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढल्यामुळे एकच स्टिक घेण्याचा मोह होतो. शक्यतो ८-८ च्या दोन घ्या, आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. ५६००जी वर तर एका स्टिकने फ्रेम्स धडाधड पडतात. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० च्या वेगाची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते.

एसएमपीएस. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट, आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॉट. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट घेतं, ५६०० जोर लागला की ७६ पर्यंत जातो. झाले २०८, पंखे आणि एसएसडी वेगळे. म्हणून डेस्कटॉपवर सगळं ठीक चालतं आणि गेम सुरू केला की पीसी धाडकन रीस्टार्ट होतो. लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात. ५५० वॉटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला एसएमपीएस घ्या, १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर हवेत. गावाकडे व्होल्टेज खाली जात असेल तर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलेलाच बघा. प्रोसेसरची ८ पिनची पॉवर केबल आणि कार्डाची ८ पिनची केबल दिसायला सारख्या पण वेगळ्या असतात. बसत नसेल तर दाबू नका.

करंट गेला की पीसी बंद? घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. ‘नॉर्मल’ मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. पण यूपीएस मोड साधारण १८० ते २६० व्होल्टमध्येच लाईन घेतो. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईन सतत त्याखाली असेल तर इन्व्हर्टर पुन्हापुन्हा बॅटरीवर जाईल, अशा ठिकाणी स्टॅबिलायझर लागतो. इन्व्हर्टर साइनवेव्हच घ्या. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. तो गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करायला, खेळत बसायला नव्हे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा पीसीत नाही, अर्थिंगमध्ये आहे. वायरमनला बोलवा. जून ते सप्टेंबर विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढा; स्पाईक गार्डच्या भरवशावर राहू नका.

‘कोल्हापुरात टॅक्स कमी’ हे खरं नाही. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच. फरक पडतो तो वॉरंटीत: भाग बिघडला तर कुठल्या शहरात पाठवावा लागेल हे आधी विचारा, आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या.

जोडला, पण डिस्प्ले नाही. आधी मॉनिटरची केबल कार्डात आहे की बोर्डात ते बघा. मग बोर्डावरचा कुठला दिवा अडकतो ते: ‘डीरॅम’ असेल तर एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवा, ‘व्हीजीए’ असेल तर कार्डाची पॉवर केबल बघा. ‘सीपीयू’ असेल तर प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि बायोस. डिस्प्ले आला पण काही मिनिटांत बंद पडतो? कूलर काढून खालची प्लास्टिकची फिल्म राहिली आहे का पाहा. इंटेलच्या कूलरच्या चारही पिना तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायच्या, एक जरी वर राहिली तरी तापमान ९० च्या वर जातं. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, बऱ्याचदा तो ६० वरच सुरू होतो.