शर्यतीच्या घोड्याची निगा: आधी चारा, मग चंदी

पुण्यातला रेसचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हिवाळ्यात. पहाटे ट्रॅकवर घोडे पाहणाऱ्याला वाटतं, घोडा तिथेच घडतो. खरं तर तो ट्रॅकवर जेमतेम तासभर असतो, बाकी सगळा दिवस ठाणावर, म्हणजे तबेल्यातल्या आपल्या जागी. हल्ली चार-पाच जण मिळून घोडा घेतात. अशा नव्या मालकाने ट्रेनरच्या कामात ढवळाढवळ करू नये. पण ठाणावर गेल्यावर काय बघायचं आणि काय विचारायचं, हे त्याला ठाऊक हवंच.

१. चारा तोलून घाला

घोडा दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी आहे. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं. पोटात काही असो वा नसो, त्यात आम्ल सतत झिरपत असतं. चारा चावताना सुटणारी लाळ या आम्लाची धार कमी करते. चारा कमी पडला की जठराच्या वरच्या भागात व्रण होतात, आणि तालमीतल्या निम्म्याहून जास्त घोड्यांत ते सापडतात. असा घोडा चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी टाकतो, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा आवळताना चावायला धावतो, त्याच्या अंगावर तकाकी राहत नाही. मग लोक त्याला खोडकर म्हणतात. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं: दुखणं पोटाचं असतं, नाव पडतं स्वभावाचं.

म्हणून आधी चारा. घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ४८० किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो वाळलेलं गवत. त्यात थोडा लसूणघास असावा. त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवायला मदत करतं. गव्हाचा कोंडा मात्र बेतानेच घाला. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे महिनोन्महिने भरपूर कोंडा खाल्लेल्या घोड्याची हाडं कमकुवत होतात. सकाळी कामाला काढण्याआधी अर्धा तास दोन मुठी चारा द्या. रिकाम्या पोटी पळताना आम्ल वर उसळतं, ते या चाऱ्यामुळे अडतं.

२. चंदीचे भाग पाडा

जोरात पळायला ओट लागतात, यात वाद नाही. पण एका वेळी किती घालावेत याला मर्यादा आहे. ओटमध्ये सुमारे ४० टक्के स्टार्च असतो, आणि एका वेळच्या चंदीत घोड्याच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नसलेला बरा. आपल्या ४८० किलोच्या घोड्यासाठी हिशेब करा: एका तोबऱ्यात साधारण सव्वा किलो ओट. दिवसाला पाच किलो द्यायचे असतील, तर चार वेळा द्यावे लागतील. दोनदाच घालून मोकळं होण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. मग न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, हे इथे विसरू नका. आणखी ताकद हवी असेल तर थोडं थोडं वाढवत खाद्यतेल द्या. तेवढ्याच वजनाच्या ओटच्या जवळपास तिप्पट ऊर्जा त्यात असते. कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करा, चारा तोच ठेवा. पूर्ण चंदी खाऊन दिवसभर उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला, की काही घोड्यांचे मागचे स्नायू दगडासारखे आखडतात.

३. पाणी आणि मीठ

पाणी सतत समोर हवं. उन्हाळ्यात घोडा पन्नास लिटरच्या वरही पितो. घामातून मीठ भरपूर जातं, म्हणून चंदीत रोज ५०-६० ग्रॅम साधं मीठ घाला. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, ही जुनी समजूत सोडून द्या. पळून आल्यावर त्याला पिऊ द्या, आणि अंगावर गार पाणी ओतत राहा.

४. ठाणावर खाली बसून श्वास घ्या

घोडा नाकानेच श्वास घेतो, आणि बराच वेळ मान खाली घालून उभा असतो. म्हणून उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. उकिडवे बसा. डोळे चुरचुरले तर मुताने भिजलेलं अंथरूण नीट उपसलेलं नाही, आणि तोच अमोनिया घोड्याच्या फुफ्फुसात जातोय. पुण्याच्या पावसात गवताच्या गठ्ठ्याला बुरशी लवकर लागते. बुरशीचं गवत भिजवून वापरू नका, फेकूनच द्या. चांगलं गवत मात्र वीस मिनिटं भिजवून घातलं की धूळ बसते. ठाण झाडताना घोडा बाहेर असावा.

५. फिरवा

“घोडा का अडला? न फिरवल्यामुळे.” हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुपारी अर्धा तास हाताने चालवलं तरी आतड्यांना चालना मिळते आणि मन रमतं.

६. मोतद्दाराचं ऐका

रोज सकाळी कामाआधी ताप मोजा, ३७.५ ते ३८.५ अंश ठीक. पुढच्या पायांच्या कंडरांवरून (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांवरून) हात फिरवा, ऊब किंवा सूज लागते का बघा. रात्रीची चंदी उरली का, लीद किती आणि कशी पडली, हे विचारा. ही माहिती मोतद्दाराकडे, म्हणजे घोड्याची रोज निगा राखणाऱ्या माणसाकडे असते, कारण खरारा करताना घोड्याचं अंग त्याच्या हाताखाली असतं. त्याने “आज घोडा गप्प आहे” म्हटलं, तर त्या दिवशी जोराचं काम नको. घोडा पोटाकडे वळून बघतोय, जमीन उकरतोय किंवा लोळतोय असं दिसलं, तर चंदी काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

पुण्याहून मुंबईला नेताना ट्रकमध्ये मान उंच बांधलेली असते. त्यामुळे श्वासनळीतली घाण खाली उतरत नाही, आणि छातीचा ताप येऊ शकतो. वाटेत थांबून दोर सैल करा, मान खाली घालू द्या. पोचल्यावर चारा जमिनीवर ठेवा, आणि पुढचे तीन दिवस ताप सकाळ-संध्याकाळ मोजा.