पहाटे चारचा गजर आणि मोरीतलं खोबरेल: दिनचर्येतल्या या चुका टाळा

डोंबिवलीतल्या एका वैद्यांकडे मी १४ वर्षं केसपेपर काढायचं काम केलं. वैद्य आत नाडी बघायचे आणि बाहेर बाकावरची मंडळी नंबर येईपर्यंत माझ्याजवळ मन मोकळं करायची. गुढीपाडवा किंवा १ जानेवारी उलटला की दहा-बारा दिवसांत बाक भरायचा. सगळ्यांचं पालुपद एकच, "ताई, आयुर्वेदाप्रमाणे दिनचर्या सुरू केली आणि तब्येतच बिघडली." काय काय सुरू केलं असं विचारलं की यादी यायची: पहाटे चारला उठणं, तांब्याभर पाणी, तेल, व्यायाम, काढा, चहा बंद, रात्रीचं जेवण बंद. सगळं एकाच सोमवारी! ऐकूनच मला ग्लानी यायची.

सगळ्यात जास्त घोळ त्या चारच्या गजराचा. आयुर्वेद ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगतो खरा, पण ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटेचे चार, हे कोणी ठरवलं देव जाणे. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटं, तेव्हा तो सुरू होतो आणि ४८ मिनिटं उरली की संपतो. आमच्याकडे जानेवारीत सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. म्हणजे थंडीत ब्राह्ममुहूर्त साधारण पावणेसहा ते साडेसहा. चारला उठून बसलेला माणूस दीड-पावणेदोन तास आधीच येऊन ताटकळत बसलेला असतो. जूनमध्ये मात्र तोच मुहूर्त साडेचारच्या थोडा आधी लागतो. पंचांगात किंवा कॅलेंडरवर सूर्योदय छापलेला असतो, तो तरी बघा.

दुसरं म्हणजे, अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या दिनचर्येच्या पहिल्याच ओळीत 'स्वस्थ' असा शब्द आहे. उठायचं ते स्वस्थ, म्हणजे निरोगी माणसानं. अष्टांगसंग्रह या दुसऱ्या ग्रंथात तर रात्रीचं अन्न जिरलंय की नाही ते बघून उठा, असं सांगितलंय. आमचे लोक 'ब्राह्मे मुहूर्ते' एवढं पाठ करतात आणि पुढचं सोडून देतात.

एक तिशीतला मुलगा आला होता. ऐरोलीला नोकरी, घरी पोचायला पावणेदहा, जेवण साडेदहाला, मग मोबाईल, झोप साडेबाराला. आणि उठणं चारला. आठ दिवस गडी खूश होता, सोसायटीच्या ग्रुपवर रोज 'सुप्रभात' टाकत होता. नवव्या दिवशी लोकलच्या दारात उभ्या उभ्या डुलकी लागली. मागच्या माणसानं बॅगेचा पट्टा धरून आत ओढला म्हणून वाचला. आमच्याकडे आला तो ॲसिडिटीची तक्रार घेऊन, हा प्रसंग सहज बोलता बोलता सांगितला. वैद्यांनी औषध दिलंच नाही. म्हणाले, "सकाळीबिकाळी काही बदलू नकोस. रात्रीचं जेवण अलीकडे आण, मग ये."

आता लोकलनं येणाऱ्या माणसानं साडेसातला घरी कसं जेवायचं? मी त्याला माझीच युक्ती सांगितली: दोन डबे न्यायचे. दुसऱ्या डब्यात पोळी-भाजी, सात वाजता ऑफिसातच खायची. घरी आल्यावर वाटीभर मुगाचं गरम कढण, बस्स. जेवण अलीकडे आलं की झोप अलीकडे येते आणि झोप अलीकडे आली की जाग आपोआप लवकर येते. मी स्वतः उठायचा गजर लावतच नाही. माझा गजर रात्री साडेसातला वाजतो, ताटं घ्यायला. त्या मुलाला सहाला उठायला लागायला अडीच महिने लागले. एवढा धीर नसेल त्यानं या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी लाडकी चूक तेलाची, आणि ती माझ्याच घरातली. नवी नवी नोकरी, नवा नवा उत्साह. डिसेंबरात रोज सर्वांगाला तेल लावायचं ठरवलं. घरात खोबरेल होतं, थंडीनं थिजलेलं. बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ केलं, ओंजळभर अंगावर थापलं, वर बेसनाचं उटणं चोळलं आणि अंघोळ केली. दीड महिना रोज. मग एक दिवस मोरीत पाणी घोट्यापर्यंत साठलं. प्लंबरनं जाळी काढून आत स्प्रिंग घातली आणि पांढरट, चिकट असा पेढ्यासारखा गोळा ओढून काढला: थिजलेलं तेल, बेसन आणि माझे केस. "वहिनी, मोरीत लाडू वळताय का?" म्हणाला. हे परवडलं. त्याच आठवड्यात सासूबाई त्याच तेलकट फरशीवर घसरल्या आणि मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. रोजच्या धावपळीत फक्त डोकं, कानाची पाळी आणि पाय. अष्टांगहृदयातही याच तीन जागांवर जोर दिलाय, त्यामुळे मनाला टोचणी नाही. तेल तिळाचं, दोन चमचे, पुरेसं होतं. पाटावर जुनी चादर घालून बसायचं, पंधरा मिनिटांनी जुन्या सुती पंचानं तेल नीट टिपून घ्यायचं आणि मगच मोरीत पाऊल टाकायचं. तो पंचा वेगळाच ठेवा, इतर कपड्यांत भिजवू नका. सर्वांगाला तेल रविवारी. आणि सर्दी-कफ झालेला असेल, अपचन असेल, तर तेलाची वाटी फडताळातच राहू द्या. नेमके त्याच दिवशी लोक 'जरा बरं वाटेल' म्हणून तेल चोळतात.

चहा एकदम बंद करणारे हा तिसरा वर्ग. दिवसाला आठ कप पिणारा माणूस पाडव्याला शून्यावर येतो, चौथ्या दिवशी डोकं धरून बसतो, पोट साफ होत नाही म्हणतो आणि आयुर्वेदाला शिव्या घालतो. अहो, सवय कशी सोडायची तेही ग्रंथात आहे. त्याला पादांशिक क्रम म्हणतात: वाईट सवयीचा चौथा हिस्सा कमी करायचा, तेही जमत नसेल तर त्या चौथ्याचाही चौथा, म्हणजे सोळावा हिस्सा. आणि तेवढीच चांगली सवय आत घ्यायची. आठाचे सहा, थोडे दिवस तिथेच थांबायचं, मग चार. दोनावर अडकलात तरी काही बिघडत नाही. मी तिथेच अडकलेय.

बाकीच्या चुका भराभर सांगते. उकळत्या पाण्यात मध घालू नका, मध तापवायचा नाही. तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळणाऱ्यांना हात जोडून विनंती, आंबट आणि तांबं यांचं जमत नाही; ताकही त्यात नको. रात्री दही नको. व्यायाम अर्ध्या ताकदीनं: कपाळावर घाम आला, तोंडानं श्वास घ्यावा लागला की थांबा, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याहूनही कमी. सुंठ-मिऱ्याचा काढा मे महिन्यात रोज ढोसून मग छातीत जळजळ का होते, असं विचारू नका. त्रिफळा शेजारणीला मानवलं म्हणून तुम्हाला मानवेलच असं नाही. मोबाईलवर दहा प्रश्नांची उत्तरं देऊन 'माझी पित्त प्रकृती' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. आणि दिनचर्या सुरू केली म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांवर मात्र मी आजही ओरडते.

बायकांना एक वेगळं सांगायचंय. प्रवासात नीट जागा मिळत नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणं, लघवी तासन् तास दाबून ठेवणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. आयुर्वेदात अडवू नयेत असे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, सांगितलेत, त्यात लघवीचा वेगही आहे. मूत्राचा, मलाचा, शिंकेचा, भुकेचा, तहानेचा, झोपेचा, अश्रूंचासुद्धा. पहाटे तांब्याभर उषःपान करायचं आणि पुढे ठाण्यापर्यंत वेग अडवून उभं राहायचं, याला दिनचर्या कसं म्हणायचं? एक बाई मला म्हणाली होती, "मग काय करू ताई, साडेसातची लोकल सोडू?" मी म्हटलं, हो, सोडा. पुढची सात बेचाळीसला आहे.