दगड-रेतीच्या धुळीत काम करता? या चुका टाळा

माझे मामा बडोद्याच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं फेटलिंगला होते. कास्टिंगला, म्हणजे धातू ओतून घडवलेल्या भागाला, चिकटलेली रेती ग्राइंडरने साफ करायची, हे काम. संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. "रुमाल बांधतो ना मी तोंडाला," असं मामीला सांगायचे. पन्नाशीत जिना चढताना दम लागायला लागला. टीबीची औषधं दोनदा झाली, फरक शून्य. मग एका छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, "काका, काम काय करत होता?" तोवर हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही आपणहून सांगितलं नव्हतं.

आजार निघाला सिलिकोसिस. रेती, वालुकाश्म, ग्रॅनाइट, काँक्रीट, विटा या सगळ्यांत सिलिका असते. ती कापताना, घासताना, फोडताना जी अतिबारीक भुकटी उडते ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथल्या पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात आणि जागोजागी वण धरतो. हा वण घालवणारं औषध आजही नाही. त्यामुळे जे काही करायचं ते धूळ आत जाण्याआधीच.

रुमालावर विसंबणं

आमच्या घरातली पहिली चूक हीच. भुवयांवर दिसणारी धूळ जाड असते, ती नाकातच अडकते. घात करणारा कण साधारण पाच मायक्रॉनहून लहान असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. रुमाल, गमछा, ओढणी, दवाखान्यातला निळा मास्क, सगळ्यांतून तो आरपार जातो.

खात्री करायची असेल तर काम चालू असताना दिवे मंद करा, झगझगीत टॉर्च आडवा धरा आणि झोताच्या बाजूने बघा. हवा स्वच्छ वाटत होती तिथे धुकं तरंगताना दिसेल. मात्र झोतात काही दिसलं नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

किमान एन-95 मास्क लागतो, आणि तोही नीट बसलेला. दोन पट्ट्यांपैकी एकच अडकवली, दाढी वाढलेली असली किंवा धुऊन पुन्हा वापरला, तर त्याचा उपयोग जातो. मुळात मास्क हा शेवटचा आडोसा. त्याआधी पाणी हवं, आणि धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारा पंखा हवा. साधा टेबल फॅन लावला तर तुमच्यापुढची धूळ शेजाऱ्याच्या नाकात जाते, एवढंच.

कोरडं कापणं, आणि त्यात आपला वाटा

हे मी घर दुरुस्त करून घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे. स्वयंपाकघराचा ओटा बसवायला येणारा पोरगा गॅलरीत बसून कटर चालवतो. आपण काय म्हणतो? "पाणी नको हं, चिखल होतो." मीही हे म्हटलेलं आहे, आणि ते आठवलं की आज जिवाला लागतं. संगमरवरात सिलिका फार थोडी असते, ग्रॅनाइटमध्ये बरीच. पण हल्ली मिरवला जाणारा कृत्रिम 'क्वार्ट्झ' ओटा नव्वद टक्क्यांच्याही वर सिलिकेचा असू शकतो. तो कोरडा कापणाऱ्या तरुणांना दहा वर्षांच्या आतच आजार जडल्याचं अनेक देशांत दिसलं. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदीच घातली.

कारागीर म्हणतो, "पाणी घेतलं तर शॉक लागेल." त्याची भीती खरी आहे. साध्या ग्राइंडरवर मग्ग्याने पाणी ओतू नये. ब्लेडवर सतत पाणी सोडणारा कटर मिळतो, तो घ्यावा आणि लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, असावा. शक्य असेल तर दगड दुकानातूनच मापात कापून आणावा. आणि तो चिखल ओला असतानाच उचलायचा. वाळला की त्याची पुन्हा धूळच होते.

झाडू आणि कॉम्प्रेसर

सुट्टीची वेळ झाली की पाईपने अंगावर हवा मारून कपडे झटकायची सवय सगळीकडे दिसते. खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. कोरड्या झाडूचंही तेच. ओलं पुसा, किंवा बारीक धूळ अडवणारा व्हॅक्यूम वापरा. कामाचे कपडे कामावरच बदला. आमची मामी ते कपडे ओसरीत झटकायची, आणि आम्ही पोरं तिथेच खेळत असायचो.

गुजरातेतल्या खंभातला अकीक (दागिन्यांचा रंगीत दगड) घासण्याचं काम तर कित्येकांच्या राहत्या घरातच चालत आलं आहे. तिथे चाकावर न बसणाऱ्यांच्या छातीतही ही धूळ जाते.

टीबी म्हटलं की गप्प बसणं

खोकला, दम, वजन घटणं, एक्स-रेवर वरच्या भागात डाग, ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखी. बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडत नसतील आणि औषधांनी उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना कामाचा इतिहास सांगा आणि सिलिकोसिस आहे का, असं स्पष्ट विचारा. पण उलटी चूकही करू नका. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो आणि दोन्ही एकत्रही असतात. टीबीची औषधं मनाने बंद करायची नाहीत. बिडी-सिगारेट मात्र त्याच दिवशी बंद.

"मला काही होत नाही" म्हणून तपासणी टाळू नका. नेहमीच्या प्रकारात दहा-पंधरा वर्षं काहीच जाणवत नाही, आणि काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो. आधीचे एक्स-रे जपून ठेवा. बदल कळतो तो जुना आणि नवा शेजारी ठेवूनच. अहमदाबादला मेघाणीनगरात राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. या आजारांवर तिथे अनेक वर्षं काम चालू आहे, हे बडोद्यातल्या फार थोड्या कामगारांना ठाऊक असतं.

कागद न जपणं

मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार भागातले आदिवासी मजूर गोध्र्याच्या क्वार्ट्झ (गारगोटी) दळणाऱ्या कारखान्यांत राबले आणि गावी परतून मेले. त्यांतल्या 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला 2016 मध्ये दिला. तो भरपाईचा पैसा हाती येण्याआधी कुटुंबांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

सिलिकोसिस 1948 च्या कारखाने कायद्यात सूचनीय आजार होता आणि आता कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या 2020 च्या संहितेतही आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी तो सरकारला कळवायचा असतो. भरपाईच्या कायद्यात असा आजार कामावरच्या अपघातासारखाच धरला जातो. पण अमुक ठिकाणी काम केलं हे दाखवावं लागतं. पगाराची पावती, हजेरीकार्ड, गेटपास, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, काहीही फेकू नका. ठेकेदार बदलला की जुन्याचं नाव आणि तारखा वहीत लिहून ठेवा.

मामांनी त्या डॉक्टरांना द्यायला वहीचं एक पान फाडलं होतं. त्यावर गुजराती वळणाच्या मराठी अक्षरात लिहिलं होतं: "1984 ते 2006. फेटलिंग. रोज आठ तास, कधी बारा. पाणी नाही. पंखा एक, मागे. रुमाल." डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि केसपेपरला टाचणीने जोडलं. छातीचा दवाखाना गाठायच्या आधी असं पान लिहायला पाच मिनिटं लागतात.