मीटर बदलायला माणूस आला की

सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यात शिडी टेकवल्याचा आवाज येतो, मग बेल वाजते. "मीटर बदलायचाय, थोडा वेळ लाइट जाईल." महाराष्ट्रात सध्या बऱ्याच ठिकाणी हे चाललंय. जुना मीटर निघतो आणि स्वतःच रीडिंग कळवणारा स्मार्ट मीटर बसतो. त्यावर पहिला प्रश्न ठरलेला: हा हॅक होईल का?

मीटरकडून सर्व्हरकडे जाणारी माहिती सांकेतिक रूपात जाते, ती वाटेत फोडणं सोपं नाही. चोराला त्याहून सोपी वाट ठाऊक आहे, ती म्हणजे तुमचा फोन. म्हणून खालची कामं करून ठेवा.

१. मीटर बदलताना तिथे उभे राहा

ओळखपत्र बघा. जुना मीटर काढण्याआधी त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो घ्या, आकडे आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. मग नव्या मीटरचा क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग आणि सील यांचा फोटो. पुढच्या बिलाशी हे ताडून पाहा. मीटर बसवायला तुमच्या फोनवरचा ओटीपी लागत नाही, घरच्या वायफायचा पासवर्डही लागत नाही. कुणी मागितलाच, तर तिथेच थांबवा.

"थोडे पैसे द्या, मीटर स्लो करून देतो" म्हणणाराही भेटेल. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्युर्तो रिको बेटावर हेच झालं होतं. २०१० च्या सुमाराला एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने तपास केला, तेव्हा संशय मीटर उत्पादकाच्या माजी कर्मचाऱ्यांवर आणि वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर गेला. पैसे घ्यायचे, मीटरच्या ऑप्टिकल पोर्टला (प्रकाशाच्या संकेतांनी मीटरशी बोलायच्या जागेला) लॅपटॉप जोडायचा आणि सेटिंग बदलायचं, असा तो धंदा. आपल्याकडे ही सरळ वीजचोरी ठरते, वीज कायद्याचं कलम १३५ लागतं.

२. 'आज रात्री साडेनऊला वीज कापू'

हा मेसेज २०२२ मध्ये देशभर फिरला आणि रूप बदलून अजून फिरतोय. माझ्या मामांना आला तेव्हा बिल खरंच भरायचं राहिलं होतं. त्यांनी मेसेजमधल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्याने नाव सांगितलं, थकबाकी पैशांनिशी अचूक सांगितली. मामांना वाटलं, माणूस ऑफिसातलाच. मग त्याने "बिल अपडेट करायला" एक स्क्रीन शेअरिंग ॲप, म्हणजे आपल्या फोनचा पडदा पलीकडच्याला दाखवणारं ॲप, टाकायला लावलं. मामी शेजारी बसली होती, तिने फोन हिसकावून बंद केला, म्हणून वाचले.

इथे नीट समजून घ्यायची गोष्ट अशी, की थकबाकी अचूक माहीत असणं हा काहीच पुरावा नाही. ग्राहक क्रमांक हाती आला की कुठल्याही पेमेंट ॲपवर नाव आणि रक्कम दिसते. आणि हा क्रमांक बिलावर छापलेला असतो. ते बिल सोसायटीच्या पेटीत आठवडाभर पडून असतं.

थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री' असा प्रकार कायद्यात नाही. मेसेजमधल्या नंबरला फोन करू नका, वीज तक्रारींच्या १९१२ या हेल्पलाइनला करा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (ती उघडली की फोनमध्ये ॲप बसतं) तर उघडूच नका.

३. खात्याला कुणाचा मोबाइल जोडलाय?

भाड्याच्या घरात हे हमखास राहतं. आधीच्या भाडेकरूचा नंबर तसाच असतो आणि तुमच्या घराचे सगळे मेसेज त्याला जातात. महावितरणच्या ॲपमध्ये किंवा कार्यालयात जाऊन बदलून घ्या. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

४. वापराचा आलेख गावभर दाखवू नका

स्मार्ट मीटर दिवसभरातला वापर तुकड्यातुकड्याने नोंदवतो. ॲपमध्ये आलेख बघा: सहाला गिझरचा सुळका, आठला मिक्सर-इस्त्री, रात्री एसीचं पठार. आता गणपतीला गावी गेलात त्या आठवड्याचा बघा. सपाट रेघ, मध्ये फक्त फ्रिजची लहानशी लाट. घर कधी रिकामं असतं हे त्यावर शेंबडं पोरही सांगेल. "बघा किती बिल वाचलं" म्हणून तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा मोह आवरा.

५. छतावर सोलर असेल तर

मीटर घरच्या वायफायला जोडलेला नसतो, पण सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बहुधा असतो. बसवणारा माणूस कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो. त्याच्यासमोरच तो बदला. ॲपचं खातं त्याच्या नाही, तुमच्या नंबरवर उघडायला लावा. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असेल तर इन्व्हर्टर त्यावर टाका.

एका घराच्या इन्व्हर्टरने ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याला, काही होत नाही, पण हजारो एकदम बंद पाडले तर होतं. स्मार्ट मीटरमध्येही दुरून वीज तोडायचा स्विच असतो, म्हणून कंपनीच्या सर्व्हरची राखण महत्त्वाची. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वीज कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून उपकेंद्रं बंद केली. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. त्या घुसखोरीची सुरुवात झाली होती ईमेलमधून आलेल्या एका फाइलने. १२ ऑक्टोबर २०२० ला वीज जाऊन मुंबई ठप्प झाली तेव्हाही असा संशय आला. राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता मांडली, केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं.

६. फसलातच तर

आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे पलीकडच्याचा ताबा सुटेल. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, मग बँकेला. लाजेपोटी रात्रभर थांबू नका, तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून जातात. ते स्क्रीन शेअरिंग ॲप लगेच काढून टाकायची घाई नको. आधी त्याचं नाव, आलेला मेसेज आणि नंबर यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा, तक्रार लिहिताना ते लागतात.