टेलिस्कोपच्या एक्स्पोला जायचंय? आधी घरची गच्ची बघा

हॉलमधल्या दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी भारी दिसतात. पांढरीशुभ्र नळी, काळा ट्रायपॉड, मागे ओरायन नेब्युलाचा (अवकाशातल्या वायूच्या ढगाचा) चकचकीत बॅनर, आणि स्टॉलवाला सांगतोय, सर हा फोटो ह्याच दुर्बिणीतला. असेलही बाबा, पण कुठल्या डोंगरावरून काढला, किती तासांचं एक्सपोजर दिलं, आणि डोळा लावल्यावर त्यातलं काय दिसतं, ते बॅनरवर नसतं. म्हणून एक्स्पोची निम्मी तयारी गोव्यात घरीच करायची, मग गाडीचं तिकीट काढायचं.

पहिलं म्हणजे तुम्ही बघणार कुठून ते ठरवा. पणजी, मडगाव, वास्कोत फ्लॅट असेल तर चंद्र, गुरू, शनी, जोडतारे हेच तुमचं रोजचं जेवण, फिकट गॅलेक्सीसाठी मोठी दुर्बीण घेऊन तिथे काही होणार नाही. सत्तरी, मोले, नेत्रावळीच्या बाजूला घर आहे किंवा गाडी काढून तिकडे जायची सवय आहे, तर गोष्ट वेगळी (अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायचं असेल तर परवानगी आधी काढा, नाहीतर सगळं सामान मांडून झाल्यावर गार्ड येऊन उठवणार). एक संध्याकाळ गच्चीवर काढा आणि उत्तरेकडे बघा. गोवा साधारण साडेपंधरा अंश अक्षांशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, म्हणजे क्षितिजावर जेमतेम दीड मूठ. तिथे शेजाऱ्याचा माड किंवा बिल्डिंग असेल तर ध्रुवतारा विसरा. फोटोग्राफीसाठी इक्वेटोरियल माउंट (दुर्बीण जिच्यावर बसते आणि ताऱ्यांच्या मागे फिरते ती बैठक) घेणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं कारण त्याचा अक्ष ध्रुवाकडे करायचा असतो.

ह्यातला गोवेकरांनी आवर्जून विचारायचा प्रश्न असा, की माउंट किती अंशांपर्यंत खाली उतरतो? बरीच मॉडेलं युरोप-अमेरिका डोळ्यापुढे ठेवून बनलेली, तिकडे ध्रुव ४०-५० अंशांवर. काही माउंट १५ अंशांपर्यंत वाकतच नाहीत, काही वाकतात पण तेवढं वाकवल्यावर काउंटरवेटचा (दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. तोंडी उत्तर घेऊ नका, तिथेच स्टॉलवर स्केल १५ वर आणून दाखवायला सांगा आणि अक्ष पूर्ण गोल फिरवून बघा. जो विक्रेता हे हसत करून देतो त्याच्याशी पुढचं बोला. डॉब्सोनियन घेणार असाल तर ही कटकटच नाही, खाली लाकडी बेस, वर नळी, हाताने ढकला आणि बघा. नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर माझं मत कायम डॉबलाच, पैशाच्या मानाने आरसा सगळ्यात मोठा मिळतो.

ह्या कमी अक्षांशाचा फायदा पण मोठा आहे हं. ओमेगा सेंटॉरी नावाचा तारकागुच्छ आपल्याकडे दक्षिणेला २७ अंशांपर्यंत वर येतो, लंडनवाल्यांना तो दिसतच नाही. त्रिशंकू पण दिसतो, जरा खाली असला तरी. तेव्हा घरची दक्षिण बाजू मोकळी आहे का, हे पण त्याच संध्याकाळी बघून घ्या.

आता एक्स्पो कुठले? जगात नावाजलेलं म्हणजे न्यूयॉर्क राज्यात सफर्न गावच्या रॉकलंड कम्युनिटी कॉलेजमध्ये वसंतात भरणारं नीफ, जर्मनीत एसेनला भरणारा एटीटी, आणि लंडनचं युरोपियन अ‍ॅस्ट्रोफेस्ट. तिकडे स्वतः जाणारे आपल्यात थोडेच, पण गोव्यात दर वाड्यावर एकतरी माणूस लंडनला, स्विंडनला नाहीतर बोटीवर असतो, त्याच्याकडून आयपीस (डोळा लावायचं भिंग), फिल्टर असल्या बारक्या वस्तू मागवता येतात (कस्टमचे नियम आधी बघून, आणि त्याची बॅग चॉकलेटांनी भरायच्या आधी सांगून). माउंट-बिउंट मागवू नका, बिघडला तर दुरुस्ती कोण करणार. आपल्याकडे विज्ञान महोत्सव, क्लबांचे मेळावे, मुंबई-पुण्याची प्रदर्शनं असतात तिथे विक्रेते स्टॉल लावतात, ते छोटं असलं तरी वस्तू हातात घेऊन बघायला मिळते आणि तीच खरी किंमत. आणि एकदा तरी आकाशदर्शनाला जाऊन दुसऱ्याच्या दुर्बिणीत डोळा घालून या. गोव्यात कितीतरी जणांनी शनीची कडी पहिल्यांदा पाहिली ती पणजीत जुंता हाउसच्या गच्चीवरच्या वेधशाळेतून, असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमीच्या लोकांनी दाखवलेली. ज्याने शनी खरंच बघितलाय त्याला बॅनर फसवू शकत नाही.

हॉलमध्ये शिरल्यावर पहिली फेरी पाकीट खिशात ठेवून मारा. दुसऱ्या फेरीत हात लावा. मासळी घेताना कल्ला उचलून बघतो ना, तसं दुर्बिणीचं माउंट बघायचं. दुर्बीण हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर लावायला सांगा, आयपीसमधून अक्षरं बघत नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि थरथर थांबेपर्यंत मनात आकडे मोजा. एक-दोन सेकंदांत थांबली तर चांगलं, पाच सेकंद नाचत राहिली तर आरसा सोन्याचा असला तरी नको, कारण रात्री गच्चीवर वाऱ्यात फोकस करायला हात लावाल तेव्हा गुरू असाच नाचणार. मग फोकसरची (आयपीस पुढेमागे सरकवून चित्र स्पष्ट करणाऱ्या भागाची) मूठ आत-बाहेर फिरवा, मध्ये कुठे सैल लागते का, अडकते का. वजनदार आयपीस लावल्यावर फोकसर खाली सरकतो का तेही बघा.

"६७५ पट मोठं दिसतं" असं खोक्यावर लिहिलं असेल तर पुढे चला. साधा हिशोब आहे, आरसा किंवा भिंग जेवढ्या मिलिमीटरचं त्याच्या दुप्पट ही वरची मर्यादा, ७० मिलिमीटरला १४०. आणि पट काढायची कशी, तर दुर्बिणीची फोकल लेंथ (आरशापासून किंवा भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची. आठ इंची डॉबची बहुतेक १२०० मिलिमीटर असते, २५ चा आयपीस लावला तर ४८ पट, १० चा लावला तर १२०. सुरुवातीला ह्या दोन आयपीसवर वर्ष आरामात निघतं. दमट हवेत २०० च्या वर चित्र बहुतेक वेळा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं होतं, सो जास्त पटीचे आयपीस नंतर कधीतरी.

सध्या सगळ्यात जास्त गर्दी असते ती स्मार्ट टेलिस्कोपच्या स्टॉलला, सीस्टार एस५० वगैरे. ५० मिलिमीटरचं भिंग, फोनवरून चालतं, स्वतः आकाश ओळखतं आणि थोड्या थोड्या सेकंदांचे फोटो एकावर एक रचून नेब्युला स्क्रीनवर आणतं. पणजीच्या उजेडातून पण बऱ्यापैकी आणतं, ते मान्य करायला पाहिजे. पण त्यात डोळा लावायला जागाच नाही, आणि ग्रह एवढेएवढेसे दिसतात. घरात मुलं असतील तर त्यांना खरोखर डोळा लावून बघायचंय की स्क्रीनवर, हे त्यांनाच विचारा. उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं.

जुन्या सामानाच्या टेबलावर मात्र मी जास्त वेळ घालवतो. तिथे मोबाइलचा टॉर्च सोबत हवाच. भिंगावर तिरका उजेड टाका. धूळ सगळ्याच भिंगांवर दिसते, तिला घाबरू नका, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी, ती सोडून द्या. किनारपट्टीवर वापरलेल्या सामानात हे फार, आणि स्क्रूंना गंज पण बघा. लेझर कोलिमेटर (आरसे सरळ जुळलेत का ते तपासायचं साधन) विकायला असेल तर तो फोकसरमध्ये जागच्या जागी गोल फिरवा, आरशावरचा लाल ठिपका एका जागी न थांबता गोल फिरायला लागला तर कोलिमेटर स्वतःच वाकडा आहे, तो तुमचा आरसा काय सरळ करणार. बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजेडाकडे करा, आयपीसमधलं उजेडाचं वर्तुळ पूर्ण गोल हवं, कडा कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम कमी दर्जाच्या काचेचं.

सोलर फिल्टरमध्ये कंजुषी नको. आयपीसला स्क्रूने लावायचा सूर्याचा फिल्टर फुकट दिला तरी घेऊ नका, सगळी उष्णता तिथे एकवटते आणि काच तडकते, डोळा तिथेच असतो. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, फिल्म असेल तर ओडी ५ ची, म्हणजे उजेडाचा एक लाखावा भागच आत येतो. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण आपल्याकडे खंडग्रास आहे आणि ऑगस्टात गोव्यात काय असतं ते मी सांगायला नको, पण ढग फुटले तर ऐनवेळी फिल्टर शोधत फिराल.

पावसावरून आठवलं, विक्रेत्याला दव आणि दमट हवेचं पण विचारा. पुढे काच असलेल्या दुर्बिणींना, म्हणजे श्मिट-कॅसेग्रेन वगैरेंना डिसेंबरच्या रात्री दव लागतं, त्यांना काच किंचित गरम ठेवणारा ड्यू हीटरचा पट्टा आणि पुढे दव अडवणारी नळी, म्हणजे ड्यू शील्ड लागते. त्याची किंमत दुर्बिणीच्या किमतीतच धरा. जून ते सप्टेंबर सगळं सिलिका जेलसकट बंद डब्यात राहणार, आयपीससाठी हवाबंद प्लास्टिकचा डबा स्वस्तात होतो, मोठ्या लेन्स असतील तर ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवून.

भाव करायचा तर शेवटच्या दिवशी दुपारनंतर, तेव्हा डिस्प्लेचे पीस परत गाडीत भरायचा विक्रेत्यांना कंटाळा आलेला असतो. डिस्प्लेचा पीस घेतलात तर वरच्या सगळ्या टेस्ट परत करा, दोन-तीन दिवसांत शेकडो हातांनी तो फिरवलेला असतो. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीत पार्सल पाठवायचा खर्च कोणाचा हे तिथेच बोला, कारण गोव्यातून पाठवणार तुम्हीच.

घरी आणायचं पण बघा. आठ इंची डॉब नळी आणि बेस धरून २०-२५ किलोच्या आसपास जाते आणि नळी सव्वा मीटरभर लांब, मुंबईहून मांडवी एक्सप्रेसने येणार असाल तर सीटखाली जाणार नाही, सोबत एक माणूस हवा किंवा सरळ ट्रान्सपोर्टने पाठवा, मूळ खोक्यात आणि थर्माकोलसकट. आयपीस मात्र स्वतःच्या बॅगेत. विमानाने येणार असाल तर पॉवरबँक केबिनमध्येच लागते, १०० वॉट-अवरपर्यंत विचारणा होत नाही, त्यावर १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, आणि हिरवा लेझर पॉइंटर हातातल्या बॅगेत ठेवलात तर सिक्युरिटीवाले काढून घेतील. घरी आल्यावर नळी उघडली की आधी कोलिमेशन (आरशांची जुळणी) तपासा, प्रवासात ते हललेलंच असतं, आणि पहिल्या रात्री चित्र फुसकं आलं म्हणून विक्रेत्याला फोन लावायच्या आधी दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर हवेवर गार होऊ द्या.