सर्व्हर सुरू होतानाच कॅशे कशी भरावी आणि सगळ्या वर्करना कशी पुरवावी

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात. गुळाच्या दरांचं आमचं वेब ॲप नेमकं त्याच सकाळी अडखळायचं. सर्व्हर नुकताच चालू केलेला, कॅशे (हाताशी ठेवलेली तयार माहिती) रिकामी आणि चारही वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) तीच माहिती डेटाबेसकडे एकदम मागायचे.

आधी माहितीची वाटणी करा. जिल्ह्याचे १२ तालुके, गावं, अडत दुकानं, गुळाची प्रतवारी हे दिवसभरात बदलत नाही. दर मात्र सौद्यागणिक बदलतो. या दोन्हींना एकाच जागी कोंबू नका.

न बदलणारी माहिती ॲप लोड होतानाच वाचून घ्या. गनिकॉर्न (पायथॉन वेब ॲप चालवणारा सर्व्हर) असेल तर सेटिंगमध्ये ‘प्रीलोड ॲप’ चालू करा. मुख्य प्रोसेस सगळं एकदाच वाचते, मग फोर्क करून, म्हणजे स्वतःचीच प्रत काढून, वर्कर काढते. लिनक्स त्या वेळी मेमरीची नक्कल करत बसत नाही. मेमरीच्या ज्या पानावर (छोट्या तुकड्यावर) कुणी लिहील, तेवढ्याच पानाची वेगळी प्रत होते. त्यामुळे ६० एमबीची माहिती चार वर्करमध्ये सुरुवातीला तरी २४० एमबी खात नाही. पायथॉनमध्ये वस्तू नुसती वाचली तरी तिचा रेफरन्स काउंट (ती किती ठिकाणी वापरात आहे याचा आकडा) बदलतो, म्हणून हळूहळू प्रती होतातच. फोर्कआधी ‘जीसी फ्रीझ’ (पायथॉन ३.७ पासून) केलं, तर निदान गार्बेज कलेक्टरची (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेची) लुडबुड थांबते.

डेटाबेसचं कनेक्शन मात्र फोर्कआधी बंद करा. हे मी कळकळीनं सांगतोय. उघडं राहिलं की एकच सॉकेट (डेटाबेसशी जोडणारी वाट) चौघांच्या हातात जातं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतं. आमच्याकडे एका अडत्याच्या स्क्रीनवर दुसऱ्याच्या शेतकऱ्याची पट्टी दिसली होती. प्रत्येक वर्करनं आपलं कनेक्शन फोर्कनंतरच उघडावं.

बदलते दर रेडिसमध्ये (सगळ्या वर्करना वापरता येणाऱ्या वेगळ्या मेमरी-साठ्यात) ठेवा, कारण एका वर्करनं स्वतःच्या मेमरीत केलेला बदल बाकीच्यांना दिसत नाही. भरताना ‘नसेल तरच लिही’ या पद्धतीचं कुलूप लावा. ज्याला ते मिळेल त्यानंच दर आणायचे, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचं. कुलपाला मुदत हवीच, समजा ३० सेकंद. नाहीतर वर्कर मध्येच मेला तर ते कायमचं लागून राहील.

कॅशे भरेपर्यंत हेल्थ चेकवर (सर्व्हर तयार आहे का या विचारणेवर) ५०३, म्हणजे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’, हा कोड द्या, म्हणजे लोड बॅलन्सर (सर्व्हरमध्ये विनंत्या वाटणारा) तिकडं गिऱ्हाईक पाठवणार नाही.

शेवटी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा आणि डेटाबेसचा लॉग बघा. तालुक्यांची क्वेरी एकदाच दिसली पाहिजे. चारदा दिसली तर प्रीलोड लागलेलं नाही. कोड बदलल्यावरही असंच पूर्ण रीस्टार्ट लागतं, प्रीलोड असताना नुसत्या रीलोडनं नवा कोड येत नाही.