फुगा उभा का राहतो? मुलांना गरम-गार हवा अशी दाखवा

मे महिन्यात ठाण्यात दुपारी मुलांना खाली खेळायला सोडवत नाही, तेव्हा घरातच हे करून बघा, चार-पाच वर्षांच्या पोरांनाही मस्त जमतं. जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये मिळतो तसला साधा पातळ फुगा घ्या, आधी दोन-तीनदा फुगवून सैल करा, मग एक लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीच्या तोंडावर चढवा आणि बाटली गीझरच्या गरम पाण्याच्या बादलीत दाबून धरा. उकळतं पाणी अजिबात नको, बाटली वाकडी होते आणि मुलांचे हात जवळच असतात. थोड्या वेळात लोळलेला फुगा उठून उभा राहतो. टम्म फुगेल असं मात्र आधी सांगू नका, एक लिटर हवा 30 डिग्रीवरून 60 वर नेली तरी साधारण 100 मिलीच वाढते, मुलं उगाच हिरमुसतात.

आता का झालं असं विचारलं की मुलं म्हणणार, गरम हवा वर जाते म्हणून. मोठी माणसंपण हेच सांगतात आणि विषय तिथेच संपवतात, ते मला अजिबात पटत नाही. लगेच बाटली गार होऊ द्या, बाथरूमच्या फरशीवर आडवी ठेवा आणि वरून मगाने गरम पाणी ओतत राहा. फुगा आडवाच फुगतो! म्हणजे हवा नुसती वर जात नाहीये, सगळीकडे पसरतेय, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मग सांगा की हवेचे बारीक कण गरम झाले की जोरात पळतात, सोसायटीच्या हॉलमध्ये गप्प बसलेली मुलं पकडापकडी खेळायला लागली की जास्त जागा लागते ना, तसंच. कण स्वतः फुगत नाहीत, हे नक्की सांगा.

मग तीच बाटली बर्फाच्या पाण्यात, फुगा परत मान टाकतो.

नाण्याचा प्रयोग तर सगळ्यात आवडतो. रिकामी काचेची बाटली फ्रिजमध्ये गार करा, तोंड ओलं करा, त्यावर तोंड पूर्ण झाकेल असं नाणं ठेवा आणि मुलाला दोन्ही हातांनी बाटली नुसती धरून बसायला सांगा, नाणं टकटक उडायला लागतं.

रात्री झोपताना एक पातळ प्लास्टिकची कोरडी बाटली झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये टाका, सकाळी ती चेपलेली असेल, ती कोणी चेपली हे आधी मुलांनाच ओळखू द्या.